बरं वाटतंय म्हणून लवकर कामावर आलेला कामगार: महासाथीत कोकणातल्या कारखान्यांनी आणि बोटींनी पाळायचे नियम

एप्रिल-मे महिन्यांत आंबा कॅनिंगचे कारखाने पाळ्या वाढवतात, काजूच्या कारखान्यात नवं बी येऊन पडलेलं असतं आणि १ जूनच्या मासेमारी बंदीआधी बोटींना शेवटच्या फेऱ्या मारून घ्यायच्या असतात. आजारातून पुरता न उठलेला कामगार कामावर येतो तो बहुतेक वेळा याच दिवसांत. त्याला दिवसाचा रोज बुडवणं परवडत नाही आणि मुकादमाला माणूस कमी पडलेला चालत नाही. ‘आता बरां वाटतां’ एवढं त्याने म्हटलं की दोघांचीही सोय होते. साथ नसताना हे खपून जातं. महासाथीत मात्र त्याच एका वाक्यावर अख्खी पाळी आजारी पडू शकते.

पुढचे नियम कारखान्याचे मालक, सुपरवायझर, मुकादम, तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) आणि स्वतः कामगार या सगळ्यांसाठी आहेत. आजार श्वासातून पसरणारा आहे असं धरून ते लिहिले आहेत, म्हणजे २००९चा स्वाइन फ्लू किंवा २०२०चा कोविड यांसारखा. साथ चालू असताना आरोग्य विभागाचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश याहून कडक असेल तर तोच पाळायचा.

दिवस कसे मोजायचे

गोंधळ इथूनच सुरू होतो. ज्या दिवशी पहिलं लक्षण दिसलं तो दिवस शून्य. सोमवारी संध्याकाळी घसा धरला तर सोमवार शून्य आणि मंगळवार पहिला दिवस. दहा दिवसांचा नियम असेल तर पुढच्या आठवड्यातला गुरुवार हा दहावा दिवस. तोही घरीच काढायचा आणि शुक्रवारी यायचं. बरेच जण डॉक्टरकडे गेलेल्या किंवा रिपोर्ट आलेल्या दिवसापासून मोजतात. काही जण उलट, अंग मोडून आलं होतं तो आदला दिवसही धरतात आणि एक दिवस वाचवतात. म्हणून लक्षणाची तारीख पहिल्या फोनवरच लिहून घ्यावी. आठ दिवसांनी विचारलं तर ती हमखास मागे सरकते.

किती दिवस, हे आजारावर ठरतं. कोविडमध्ये ८ मे २०२०च्या केंद्र सरकारच्या धोरणात सौम्य रुग्णाला लक्षणांपासून दहा दिवस आणि सलग तीन दिवस ताप नसणं ही अट होती, आणि घरी गेल्यावर आणखी सात दिवस वेगळं राहायचं होतं. जानेवारी २०२२मध्ये घरी विलगीकरणाची मुदत पॉझिटिव्ह आल्यापासून किमान सात दिवस आणि सलग तीन दिवस ताप नसणं, अशी झाली. फ्लूचा रुग्ण लक्षणांच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना आजार देऊ शकतो. नवी साथ आली की पहिल्या काही आठवड्यांत आकडा बदलत राहतो, कारण विषाणूच नवा असतो. अशा वेळी दोनपैकी मोठा आकडा धरावा.

आकडा कुठलाही असला तरी परतण्याच्या अटी तीन आणि तिन्ही एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्यात: ठरलेले दिवस संपलेले असावेत, गोळी न घेता ठरलेला काळ (किमान २४ तास, आदेशात तीन दिवस असतील तर तीन दिवस) ताप नसावा आणि बाकीची लक्षणं उतरणीला लागलेली असावीत. खोकला पूर्ण थांबण्याची वाट पाहायची गरज नाही, तो कित्येकदा आठवडे रेंगाळतो. मात्र तो वाढत असेल तर तिसरी अट मोडली.

‘गोळी न घेता’ हे तीन शब्द सुटतात आणि तिथेच घोटाळा होतो. पॅरासिटामॉलचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. सकाळी साडेसहाला पेजेबरोबर गोळी घेतलेल्या माणसाचं कपाळ आठ वाजता गेटवर थंड लागतं. अकराच्या चहाला त्याला कणकण वाटते आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत अंगात १०१ ताप असतो. तोपर्यंत तो चार तास काजू सोलणाऱ्या बायकांच्या ओळीत बसलेला असतो. त्यामुळे ‘ताप आहे का?’ असं विचारू नका. ‘शेवटची गोळी कधी घेतलीत, कसली घेतलीत?’ असं विचारा. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही बहुधा पॅरासिटामॉल असतं हे कामगाराला ठाऊक नसतं, म्हणून पाकीट दाखवायला सांगा.

कामावर घेण्यासाठी निगेटिव्ह आरटी-पीसीआर मागू नये. ती चाचणी विषाणूचे मेलेले तुकडेही पकडते आणि बरा झालेला माणूस कित्येक आठवडे पॉझिटिव्ह दिसू शकतो. त्यात त्याचे रोज बुडतात आणि पुढच्या वेळी तो आजार लपवतो. रॅपिड अँटिजेन किट हाताशी असेल तर त्याचा उपयोग एकाच दिशेने करावा: दिवस भरले तरी रेघ उमटतेय तर आणखी थांबवावं. रेघ नाही म्हणून दिवस भरायच्या आत बोलवू नये.

आणि एक कोकणापुरतं. पावसाळ्यात इथे ताप म्हणजे लेप्टो (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप), डेंग्यू किंवा मलेरियाही असू शकतो. दोडामार्ग भागात २०१६पासून माकडतापाचे, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या तापाचे, रुग्ण सापडले आहेत, आणि त्याचा हंगाम काजूच्या हंगामाशी जुळतो. साथीच्या आजाराची चाचणी निगेटिव्ह आली म्हणून ‘साधा ताप’ समजून माणसाला कामावर उभं करणं जिवावर बेतू शकतं. भातशेतीत, चिखलात उतरलेल्या माणसाला ताप, पोटऱ्यांत दुखणं आणि लाल डोळे असतील तर त्याला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. काजूच्या बागेत किंवा रानात गेलेल्याला ताप आला तर तिथे गेल्याचं आणि गोचीड चावली असेल तर तेही डॉक्टरांना सांगायला लावा.

गेटवरची तपासणी

थर्मल गनवर फार विसंबू नये, पण वापरायची तर नीट वापरावी. स्टँडवरून उन्हात चालत आलेल्याचं कपाळ तापलेलं असतं, घामाने भिजलेल्याचं गार पडलेलं असतं. दोन्ही आकडे खोटे. सावलीत दहा मिनिटं बसवा, कपाळ पुसायला सांगा, केस बाजूला घ्या आणि गन तिच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर, साधारण तीन ते पाच सेंटिमीटरवर धरा. ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आलं तर काखेत साध्या थर्मामीटरने पुन्हा बघा. पत्र्याच्या शेडखाली उन्हात ठेवलेली गन स्वतःच तापते, ती सावलीत असू द्या.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तसंच. बर्फात हात घालणाऱ्या मासळीच्या कामगाराची बोटं गार पडलेली असतात, आकडा खाली येतो आणि सगळे घाबरतात. हात चोळून गरम करा, मधलं बोट घ्या, मेंदी किंवा नेलपॉलिश नसलेलं नख निवडा, आणि आकडा स्थिर होईपर्यंत पूर्ण एक मिनिट थांबा. ९४ किंवा त्याखाली राहिला तर माणूस घरी पाठवायचा नाही, डॉक्टरकडे पाठवायचा.

यापेक्षा जास्त कामाचे ठरतात ते चार प्रश्न, आणि ते गेटच्या बाहेर, मोकळ्यावर, इतरांच्या कानावर न पडता विचारायचे. पहिलं लक्षण कुठल्या तारखेला? शेवटचा ताप कधी? शेवटची गोळी कधी? घरात आणखी कोण आजारी आहे? उत्तरं वहीत लिहायची, खाली सही घ्यायची. ही वही एकाच माणसाकडे असावी. आजाराचं नाव फळ्यावर किंवा गटाच्या व्हॉट्सॲपवर जाता कामा नये. वाडीत बातमी पोचायला संध्याकाळ पुरते, आणि एकाच्या घरावर बोटं रोखली गेली की पुढचे दहा जण ताप आल्याचं सांगत नाहीत.

हजेरीपट हाच खरा दरवाजा

लवकर परतण्याचं खरं कारण पैशात असतं. ते सोडवलं नाही तर गेटवर शंभर प्रश्न विचारूनही खोटी उत्तरं मिळतील. काजू सोलणारी बाई किलोवर पैसे घेते, कोळंबी सोलणारी टपावर किंवा किलोवर. ती घरी बसली की त्या दिवसाचं उत्पन्न शून्य. खलाशाने हंगामाच्या सुरुवातीला उचल घेतलेली असते आणि खाडा झाला की फेड लांबते. या लोकांना ‘आरोग्य जपा’ असं सांगणारा फलक लावून काही होत नाही.

साधा हिशेब घाला. रोज ४०० रुपये धरले तर सात दिवसांचे २,८०० रुपये. सोलणीच्या हॉलमध्ये ३० जण असतील आणि आजार पसरून त्यातले १० जण आठवडाभर बसले, तर बुडालेले दिवस सत्तर. मे महिन्यातल्या पल्पच्या ऑर्डरीत सत्तर माणूस-दिवस कमी पडणं म्हणजे काय, हे कारखानदाराला वेगळं सांगायला नको. आजारी माणसाला २,८०० रुपये देऊन घरी बसवणं यापुढे स्वस्त आहे.

म्हणून साथ येण्याआधी किंवा आल्याच्या पहिल्या आठवड्यात पुढच्या गोष्टी ठरवून, लिहून, मराठीत नोटीस लावून आणि तोंडी वाचून दाखवाव्यात:

- आजारपणाचा पगार कोणाला, किती दिवस, किती टक्के. किलोवर काम करणाऱ्यांसाठी मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीवर.
- पूर्ण हजेरीचा बोनस असेल तर साथीच्या आजाराचे खाडे त्यातून वगळायचे. हा बोनस चालू ठेवणं म्हणजे तापात कामावर येण्याचं बक्षीस देणं.
- आजारपणात उचलीचा हप्ता कापायचा नाही, पुढे ढकलायचा.
- जागा जाणार नाही याची खात्री. बदली माणूस घेतला तरी मूळ माणूस परत आल्यावर त्याचं काम त्यालाच.

राज्य कामगार विमा योजनेत नाव असलेल्या कामगाराला आजारपणात पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतात. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. साधारणपणे आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे योजनेतून मिळत नाहीत, आणि कामगार नेमका त्याच दोन दिवसांत कामावर येतो. मालकाने हे दोन दिवस आपल्या खिशातून भरले तर फार मोठा फरक पडतो. हंगामी कारखान्यांतले आणि बोटीवरचे बरेच लोक या योजनेत नसतात. त्यांच्यासाठी मालकाचाच नियम हा एकमेव आधार.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बागांत आणि बोटींवर नेपाळी कामगार मोठ्या संख्येने आहेत, कर्नाटकातूनही लोक येतात. एका खोलीत सहा-आठ जण झोपतात. त्यांना ‘घरी जा’ म्हणण्यात अर्थ नाही, कारण घर ते खोलीच. स्वतंत्र संडास असलेली, दोन्ही बाजूंनी खिडक्या असलेली एक खोली आधीच रिकामी करून ठेवावी. दोन वेळचं जेवण, पिण्याचं पाणी, फोनचा रिचार्ज, थर्मामीटर आणि दिवसातून दोनदा विचारपूस करणारा ठरलेला माणूस, एवढं लागतं. नोटीस हिंदीत आणि नेपाळीत वाचून दाखवायला त्यांच्यातलाच कोणीतरी मिळतो.

दिवस भरायच्या आत आलाच तर

त्याला आत नेऊन साहेबांसमोर उभं करू नका. गेटबाहेर, झाडाखाली किंवा पडवीत बसवा, मास्क द्या, पाणी द्या. ओरडू नका. तो पोटासाठी आला आहे. वहीतली तारीख त्याला दाखवा आणि कोणत्या दिवशी यायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या. त्या दिवसाचा रोज द्या. सिक्स सीटरमध्ये सात जणांबरोबर त्याला परत पाठवू नका. गाडीची सोय करा, मागच्या सीटवर बसवा, काचा खाली ठेवा.

तो आधीच काम करून बसला असेल आणि दुपारी कळलं, तर क्रम असा. त्याला ताबडतोब बाहेर घ्या. हॉलचे दरवाजे-खिडक्या उघडा, पंखे पूर्ण वेगाने चालू करा आणि शक्य असेल तर बाकीच्यांना अर्धा तास बाहेर काढा. मग बसण्याचा नकाशा काढा: कोण त्याच्या डाव्या-उजव्या हाताला होतं, समोर कोण, चहाला कोण, कोणत्या गाडीने आला. लक्षण सुरू व्हायच्या आधीच्या दोन दिवसांपासूनचा संपर्क धरायचा. दोन मीटरच्या आत दिवसभरात मिळून पंधरा मिनिटं किंवा जास्त काढलेले लोक हे जवळचे संपर्क. बंद, हवा न खेळणाऱ्या खोलीत हे अंतर फारसं राखण करत नाही, तिथे अख्खी खोलीच संपर्कात धरावी.

या यादीतला प्रत्येक जण घरी बसवायचा की मास्क लावून कामावर ठेवायचा, हे त्या वेळच्या आदेशावर. कामावर ठेवलात तर दिवसातून दोनदा ताप पाहा, त्यांना एकाच गटात ठेवा आणि जेवायला इतरांपासून वेगळं बसवा. जेवणाच्या आणि चहाच्या जागेवर संसर्ग सहज होतो, कारण तिथे मास्क उतरतो आणि तोंडं समोरासमोर येतात. पिंपावरचा साखळीने बांधलेला एकच ग्लास तर पहिल्या दिवशीच काढून टाका. ज्याने त्याने आपली बाटली आणावी.

ज्याच्याशिवाय कारखाना चालत नाही अशा माणसाला सगळे नियम बाजूला ठेवून बोलावण्याचा मोह सगळ्यात जास्त असतो. प्रमाणपत्र असलेला बॉयलर अटेंडंट, बर्फाच्या कारखान्यातला कॉम्प्रेसर ऑपरेटर, बोटीचा तांडेल. यांना तापात बोलावणं दुहेरी धोक्याचं: आजार पसरतो तो वेगळाच, पण गुंगीत, थकव्यात बॉयलरची पाण्याची पातळी बघायची चुकली तर स्फोट होऊ शकतो. प्रत्येक अशा जागेसाठी दुसरा पात्र माणूस कोण, तो कुठे राहतो, किती वाजेपर्यंत पोचेल, हे आजच कागदावर लिहा. दुसरा माणूस नसेल तर ती मशीन बंद ठेवायची, हेही आधीच ठरवा.

वास गेलेला माणूस

याकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही, आणि कोकणात त्याचं महत्त्व मोठं आहे. कोविडमध्ये पुष्कळांचा वास गेला, काहींचा ताप उतरल्यावरही आठवडे-महिने परत आला नाही. असा माणूस स्वतःला पूर्ण बरा समजतो. पण लोटे-परशुराम, रोहे-धाटाव किंवा महाडच्या रासायनिक कारखान्यात वायू गळतीची पहिली सूचना नाकालाच मिळते. कॅनिंगच्या स्वयंपाकघरात गॅस सिलिंडरची गळती आपल्याला कळते ती त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनच्या वासाने. मासळीच्या ग्रेडिंगला बसलेली बाई कोळंबी उतरलीय की नाही हे वासावर ओळखते.

परत येणाऱ्या प्रत्येकाची वासाची चाचणी घ्या, तिला दोन मिनिटं लागतात. चार छोट्या डब्या घ्या: कॉफी पावडर, ठेचलेली वेलची, बडीशेप, आणि एक रिकामी. डोळे मिटायला लावा, एक नाकपुडी बंद, डबी नाकाखाली, आणि ‘कसला वास?’ असं विचारा. मग दुसरी नाकपुडी. रिकाम्या डबीलाही ‘येतोय, येतोय’ म्हणणारा माणूस अंदाजाने उत्तरं देतोय, हे लक्षात येतं. व्हिक्स, कापूर, कांदा किंवा अमोनिया या चाचणीला वापरू नका. त्यांची झोंबणारी जाणीव नाकातल्या वेगळ्या मज्जातंतूने कळते, त्यामुळे वास पूर्ण गेलेला माणूसही ‘कळलं’ म्हणतो आणि चाचणी फसते.

वास येत नसेल तर माणूस कामावर घ्यायला हरकत नाही, फक्त जागा बदला. गॅस, सॉल्व्हंट, रसायनांचा साठा इथे त्याला एकटं ठेवू नका, प्रतवारीला बसवू नका, स्वयंपाकघराची चावी देऊ नका. दर पंधरा दिवसांनी चाचणी पुन्हा घ्या. हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत तर चांगलं नाकही कामाचं नाही, जास्त प्रमाणात ते वास घेण्याची शक्तीच बधिर करतं. तिथे डिटेक्टर लागतोच, साथ असो वा नसो.

हवा

आजार हवेतून पसरतो तेव्हा फरशी पुसण्यापेक्षा हवा बदलण्यात जास्त फायदा. हॉलची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा. समजा ४० बाय २५ बाय १२, म्हणजे १२,००० घनफूट. तासात सहा वेळा हवा बदलायची तर ७२,००० घनफूट, म्हणजे मिनिटाला १,२०० घनफूट. पंख्याच्या पेटीवर तो किती हवा फेकतो हे (घनफूट किंवा घनमीटरमध्ये) छापलेलं असतं, पण तो आकडा मोकळ्या हवेतला. जाळी, धूळ आणि काजूच्या फोलपटांनी तो बराच कमी होतो, म्हणून गरजेच्या दुप्पट क्षमता घ्या. बाहेर फेकणारा पंखा ज्या भिंतीत, त्याच्या समोरच्या भिंतीत हवा आत येण्याची वाट हवी. तीच खिडकी पावसामुळे बंद असेल तर पंखा नुसताच घरघरतो. उदबत्ती पेटवून हॉलमध्ये चार ठिकाणी धरा. धूर सरळ वर जाऊन घुटमळतो तो कोपरा मेलेला, तिथे माणूस बसवू नका.

पावसाळ्यात ताडपत्र्या सोडल्या जातात, खिडक्या लागतात, आणि नेमकी तेव्हा हवा कोंडते. खिडकीवर बाहेरून फूटभर उताराचा पत्रा बसवला तर पाऊस आत न येता खिडकी उघडी राहते. स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, आतलीच फिरवतो. ऑफिसमध्ये तो लावलात तरी एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा. कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र मिळालं तर बघा: बाहेर आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) आसपास असतो, आत ८००च्या खाली ठेवायचा. भट्टी, बॉयलर किंवा कोरड्या बर्फाजवळ या आकड्याचा काही उपयोग नाही.

मासळीच्या थंड प्रक्रिया हॉलचं दुखणं अवघड आहे. तिथे खिडक्या उघडता येत नाहीत, यंत्रांच्या आवाजात लोक ओरडून बोलतात, आणि थंड दमट हवेत विषाणू टिकतो. जून २०२०मध्ये जर्मनीतल्या ग्युटर्सलोहजवळच्या मांस प्रक्रिया कारखान्यात हजाराहून जास्त कामगारांना लागण झाली ती अशाच हवेत. इथे माणसं कमी करणं, एकाआड एक जागा सोडणं, हेपा फिल्टरची (हवेतले बारीक कण गाळणारी) यंत्रं ठेवणं आणि सगळ्यांना एन-९५ देणं हाच मार्ग. दिवस भरून नुकत्याच परतलेल्या माणसाला पहिले पाच दिवस तरी या हॉलमध्ये बसवू नका. त्याला बाहेर, क्रेट धुण्याच्या किंवा मोजणीच्या कामावर घ्या.

मास्क दर पाळीला दोन द्या. ओला मास्क श्वास अडवतो, मग माणूस तो नाकाखाली ओढतो आणि मास्क असून नसल्यासारखा. चहाच्या सुट्टीला बदलायचा. व्हॉल्व्ह असलेला मास्क आजारातून उठलेल्याला देऊ नये, त्याचा उच्छ्वास गाळला न जाता बाहेर येतो.

पुसण्याबद्दल थोडक्यात: ३३ टक्क्यांचं ब्लीचिंग पावडर ३० ग्रॅम एक लिटर पाण्यात, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग धुवायचं. रोज ताजं करायचं. पावसाळ्यात उघड्या पोत्यातली पावडर दमटपणाने मरते, वास येत नसेल तर फेकून द्या. संडासाच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. हे द्रावण यंत्रांवर नको, गंजतात. अन्न लागणाऱ्या टेबलांसाठी कारखान्याची नेहमीची पद्धत पाळा. माणसांवर औषध फवारण्याचा बोगदा उभारू नका, त्याने डोळे आणि छाती बिघडते, आजार थांबत नाही.

पहिला आठवडा काम किती

दिवस भरून आलेला माणूसही लगेच पूर्ण ताकदीचा नसतो. पहिले दोन दिवस अर्धी पाळी, बसून काम. आंब्याचा वीस किलोचा क्रेट किंवा बर्फ भरलेला टप उचलायचा नाही. रात्रपाळी नाही, जादा काम नाही, उंचावर चढायचं नाही, पूर्ण चेहऱ्याचा रेस्पिरेटर लावून करायचं काम नाही. काजू भाजण्याच्या भट्टीपासून लांब, कारण टरफलातल्या तेलाचा धूर नुकत्याच सुजलेल्या छातीला सोसत नाही. तिसऱ्या दिवशी विचारा: चालताना पूर्ण वाक्य बोलता येतं का? रात्री झोप लागली का, की कामावरून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जास्तच गळून गेलात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘गळून गेलो’ असेल तर काम वाढवायचं नाही, एक पायरी खाली आणायचं. किलोवर काम करणाऱ्याला या दिवसांत किमान ठरलेला रोज द्या, नाहीतर तो अर्ध्या पाळीत पूर्ण माल काढायला बघेल.

छातीत दुखणं, धडधड, चक्कर, बसल्या जागी धाप: काम तिथेच थांबवा आणि १०८ला फोन करा.

बोटीवर

समुद्रात वेगळी खोली नसते, म्हणून निर्णय जेटीवरच व्हायला हवा. पर्ससीन (मोठं गोल जाळं टाकणाऱ्या) नौकेवर पंचवीस-तीस माणसं एकाच केबिनच्या आजूबाजूला जेवतात-झोपतात. मिरकरवाडा असो, हर्णे असो की मालवण, बर्फ भरण्याआधी तांडेलाने प्रत्येकाला ते चार प्रश्न विचारायचे. दिवस न भरलेला खलाशी किनाऱ्यावर राहील, आणि त्या फेरीच्या वाट्याचं काय हे नाखव्याने (बोटीच्या मालकाने) आधी ठरवलेलं असेल. वाटा बुडणार असेल तर ताप असलेला माणूस खोटं बोलून चढेल.

फेरीत कोणी आजारी पडला तर त्याला उघड्या डेकवर, आडोशाला, वाऱ्याच्या खालच्या बाजूला जागा द्या, म्हणजे त्याच्याकडून येणारी हवा इतरांवर न जाता समुद्रात जाईल. ताडपत्रीचं छत वरून करा, बाजूने नाही. त्याची भांडी वेगळी, आणि तो स्वयंपाकी असेल तर चूल दुसऱ्याकडे. ऑक्सिमीटर, थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची दहा पाकिटं आणि पंचवीस-तीस मास्क हवाबंद डब्यात बोटीवर असावेत. ऑक्सिमीटरचा आकडा ९४ किंवा त्याखाली आला, किंवा माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला, तर जाळं ओढून लगेच बंदराकडे वळा. व्हीएचएफ वायरलेसच्या १६ नंबर चॅनलवर किंवा १५५४ या नंबरवर तटरक्षक दलाला कळवा. फोनची रेंज आली की १०८ला सांगून ॲम्ब्युलन्स जेटीवर बोलावून ठेवा.

परत आल्यावर सगळ्यांची संपर्क यादी बोटीपुरती एकच असते: अख्खी बोट. आणि कामावर परतलेल्या कुणालाही दोन-चार दिवसांनी पुन्हा ताप आला, तर जुने दिवस मोजायचे नाहीत. तो ताप आला तो दिवस पुन्हा शून्य धरायचा, वहीत नवी ओळ लिहायची आणि डॉक्टरांना पहिली तारीखही सांगायची.